‘पक्षी सारे सारखेच’ हा समज आणि परसातला मिश्र कळप

परसात निरनिराळे पक्षी एकत्र पाळू इच्छिणाऱ्यांमध्ये सध्या एक मजकूर फार मोठ्या प्रमाणावर फिरतो आहे. त्याचे म्हणणे थोडक्यात असे आहे: कोंबडी, बदक, टर्की, गिनी आणि बटेर हे शेवटी पक्षीच असल्यामुळे त्यांना एक खुराडे आणि एक खाद्य पुरते, मोकळे चरणारे पक्षी आपले पोट आपणच भरतात, गावठी पक्ष्यांना लसीची गरज नसते, खुडुक कोंबडीखाली कोणतीही अंडी ठेवली तरी ती उबवून देते, आणि नवा पक्षी रात्री खुराड्यात सोडला की सकाळपर्यंत तो कळपाचाच होऊन जातो. मिश्र कळप पाळण्याला माझा विरोध नाही, उलट असा कळप नीट सांभाळला तर त्यासारखे समाधान नाही, असे माझे मत आहे. परंतु वरचा सल्ला नवशिक्याने जसाच्या तसा पाळला तर पक्षी मरतात, आणि ते कशाने मेले हे त्याला उमगतही नाही. म्हणून त्यातले एकेक विधान तपासणे मला आवश्यक वाटते.

एका खुराड्याचे विधान सर्वांत घातक आहे, आणि त्याचे मुख्य कारण टर्की हे आहे. कोंबडीच्या आतड्यात हेटेराकिस नावाचा एक बारीक जंत सर्रास आढळतो. तो कोंबडीला फारसा त्रास देत नाही, मात्र त्याच्या अंड्यात हिस्टोमोनास नावाचा एकपेशीय परजीवी दडून राहतो. हा परजीवी उघड्यावर काही तासांतच मरतो. जंताच्या अंड्याच्या कवचाआड मात्र तो मातीत काही वर्षे जिवंत राहू शकतो, आणि गांडुळांनी ती अंडी गिळली तर त्यांच्यावाटेही पसरतो. टर्कीच्या पोटात गेल्यावर तो आतड्यातून यकृतात पोहोचतो. पक्षी पंख पाडून एका कोपऱ्यात उभा राहतो, विष्ठा गंधकासारखी पिवळी होते, आणि मेलेल्या पक्ष्याच्या यकृतावर मध्यभागी खोलगट असे गोल चट्टे दिसतात. या रोगाला ‘काळे डोके’ म्हणतात. हे नाव दिशाभूल करणारे आहे, कारण पुष्कळ वेळा डोके काळे पडतच नाही आणि पाळणारा चुकीच्या लक्षणाची वाट पाहत राहतो. टर्कीच्या कळपातले निम्म्याहून अधिक, कधी कधी जवळजवळ सगळे पक्षी त्यात दगावतात, आणि खात्रीने गुण देणारे औषध बहुतेक ठिकाणी मिळत नाही. कोंबड्या निरोगी दिसत आहेत, म्हणजे जागा सुरक्षित आहे, असा निष्कर्ष येथे काढताच येत नाही. ज्या जमिनीवर अलीकडच्या वर्षांत कोंबड्या चरल्या आहेत, त्या जमिनीवर टर्की न सोडणे हाच शहाणपणा ठरतो.

बदकांचा प्रश्न वेगळा आहे, तो ओलाव्याचा आहे. बदक खाद्याचा घास घेते, लगेच पाण्यात चोच बुडवते, पुन्हा खाद्याकडे जाते, आणि तासाभरात दोन्ही भांड्यांत एकच राडा होतो. डोळे आणि नाकपुड्या धुता येतील इतके खोल पाणी त्याला लागतेच, त्यामुळे त्याला दोष देण्यात अर्थ नाही. दोष आहे तो कोंबड्यांच्या कोरड्या भुशावर ते भांडे ठेवण्यात. भांड्याजवळचा भुसा मुठीत घेऊन दाबून पाहावा: मूठ उघडल्यावर तो मोकळा झाला तर ठीक, गोळा तसाच राहिला तर तो बदलण्याची वेळ होऊन गेली आहे. कोंबडीच्या रक्ती हगवणीचे परजीवी बदकाला होत नाहीत आणि बदकाचे कोंबडीला होत नाहीत, हे खरे आहे, आणि ‘एकत्र ठेवले की सगळे रोग सगळ्यांना होतात’ असे म्हणणारेही चुकतात. पण विष्ठेतून पडलेल्या त्या परजीवींना ऊब आणि ओल मिळाली की ते एक-दोन दिवसांत संसर्गक्षम होतात, आणि ती ओल बदके पुरवतात. शिवाय ओल्या भुशातून उठणारा अमोनिया डोळ्यांना आणि श्वासनलिकेला जाळतो. दिवसा एकच अंगण आणि रात्री वेगळी खोली, पाणी कायम बाहेर, इतकी विभागणी बहुधा पुरते. नर बदकाबाबत मात्र सवलत देऊ नये. कोंबड्याला लिंग नसते, नर बदकाला असते. पुरेशा माद्या नसल्या तर तो कोंबड्यांवर चढतो आणि त्यांना आतून गंभीर इजा होते.

बटेरांविषयी एवढेच सांगणे पुरे की, त्यांना कोंबड्यांबरोबर एका खुराड्यात ठेवूच नये. आकारातल्या फरकामुळे ते तुडवले आणि टोचले जातात, आणि कोंबडीत सौम्यपणे राहणारे काही श्वसनरोग त्यांच्यापर्यंत पोहोचतात.

एका खाद्याचे विधान अर्धवट खरे आहे, म्हणूनच त्यावर विश्वास बसतो. मोठ्या, अंडी न देणाऱ्या पक्ष्यांचे एका मध्यम प्रतीच्या खाद्यावर चालून जाते. पिल्लांचे चालत नाही. कोंबडीच्या पिल्लाला सुरुवातीला १८ ते २० टक्के प्रथिने पुरतात, टर्कीच्या पिल्लाला सुमारे २८ टक्के लागतात. बदकाच्या पिल्लाची नायसिन या जीवनसत्त्वाची गरज कोंबडीच्या पिल्लापेक्षा बरीच जास्त असते, आणि ती भागली नाही तर पाय वाकू लागतात. असे पिल्लू एकदा जवळून पाहिले की विसरता येत नाही: ते उभे राहायला जाते, घोटे बाहेर फाकतात, आणि शेवटी ते छातीवर सरपटत पाण्यापर्यंत जाते, तेव्हा बाकीची पिल्ले पिऊन परतलेली असतात. खाद्यात नायसिन पुरवणारे ब्रुअर यीस्ट वेळेवर मिसळले असते तर ते टळले असते. याउलट अंड्यावरच्या कोंबडीच्या खाद्यात साडेतीन ते चार टक्के कॅल्शियम असते, तर वाढत्या पिल्लाला एक टक्क्याच्या आसपास पुरते. जादा कॅल्शियम त्याच्या मूत्रपिंडांची हानी करते. मिश्र वयाच्या कळपाला वाढीचे खाद्य द्यावे आणि शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात ठेवावा, म्हणजे ज्या कोंबडीला गरज आहे ती तो आपणहून खाते. औषधयुक्त खाद्याच्या पिशवीवरील मजकूर वाचल्याशिवाय ते मिश्र कळपाला कधीही देऊ नये, कारण कोंबडीला रक्ती हगवणीपासून वाचवणारे सॅलिनोमायसिन टर्कीला आणि मोनेन्सिन गिनीला मारू शकते.

मोकळे पक्षी आपले पोट आपणच भरतात, या विधानाची तपासणी अंड्यापासून करावी. एका अंड्याच्या कवचात सुमारे दोन ग्रॅम कॅल्शियम असते, आणि अंडी देणारी कोंबडी दिवसाला १०० ते १२० ग्रॅम खाद्य खाते. किडे, गवत आणि सांडलेले धान्य यांनी त्यातला काही वाटा जरूर भरून निघतो, पण तो ऋतूबरोबर बदलतो आणि पक्ष्यांची संख्या वाढली की प्रत्येकाच्या वाट्याला कमी येतो. कवच पातळ होणे, अंडी थांबणे आणि छातीचे हाड हाताला टोचणे हा क्रम दिसू लागला की पोट भरत नाही, हे समजावे.

गावठी पक्ष्यांना लस नको, हे वाक्य वाचून मला खरोखर वाईट वाटते. मानमोडी, म्हणजेच राणीखेत, हा जगभरातल्या गावठी कोंबड्यांचा सर्वांत मोठा मारेकरी मानला जातो. शीतसाखळी नसलेल्या खेड्यांतल्या कोंबड्यांसाठीच ऑस्ट्रेलियात आय-२ ही उष्णता सहन करणारी लस तयार करण्यात आली. ती डोळ्यात थेंब टाकून देता येते आणि साधारण चार महिन्यांनी पुन्हा द्यावी लागते. गावठी पक्षी उपजतच सुरक्षित असते तर अशा लसीची गरजच पडली नसती. लसूण आणि व्हिनेगर यांनी तिची जागा भरून निघत नाही, आणि जस्ताचा मुलामा असलेल्या भांड्यात व्हिनेगर ओतले तर जस्त पाण्यात उतरते, तो धोका वेगळाच. मिश्र कळपात आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते: बदके बर्ड फ्लूचा विषाणू काही वेळा कोणतेही लक्षण न दाखवता बाळगतात, म्हणून रानबदके उतरतात त्या पाणवठ्यावर पाळीव बदके सोडून संध्याकाळी त्यांना कोंबड्यांत आणणे टाळले पाहिजे.

खुडुक कोंबडी परकी अंडी उबवते, यात शंका नाही. अडचण दिवसांची आहे. कोंबडीचे अंडे २१ दिवसांत फुटते, बदकाचे आणि टर्कीचे २८ दिवसांत, मस्कोव्ही या वेगळ्या जातीच्या बदकाचे ३५ दिवसांत. सगळी अंडी एकाच दिवशी खाली ठेवली तर एकविसाव्या दिवशी ती आपल्या पिल्लांना घेऊन उठते आणि उरलेली अंडी थंड पडतात. बदकाची अंडी सात दिवस आधी ठेवणे एवढाच उपाय त्यावर आहे. पुढे बदकाच्या पिल्लांसाठी ठेवलेल्या खोल परातीत कोंबडीचे पिल्लू बुडून मरू शकते, म्हणून तीत खडे पसरावेत.

शेवटचे विधान नव्या पक्ष्याचे. पक्ष्यांमध्ये कोण कोणाला टोचणार याची उतरंड ठरलेली असते, हे नॉर्वेचे प्राणिशास्त्रज्ञ थोरलीफ शेल्डरुप-एब्बे यांनी १९२१ साली कोंबड्यांच्याच निरीक्षणातून मांडले. रात्रीच्या अंधारात नवा पक्षी सोडला तर पहिली झटापट टळते, पण उजाडल्यावर उतरंड नव्याने ठरतेच, आणि गिनी असतील तर त्या पाठलाग करून पिसे उपटतात. टोचाटोचीपेक्षाही मला भीती वाटते ती त्याच्याबरोबर येणाऱ्या रोगाची, आणि तो रात्री आला काय किंवा दिवसा, तिच्यात काही फरक पडत नाही. नव्या पक्ष्याला ३० दिवस दूर, वेगळ्या भांड्यांवर ठेवावे, रोज आधी जुन्या पक्ष्यांचे आणि मग त्याचे काम करावे, त्याच्याकडे जाताना वेगळी पादत्राणे घालावीत. त्यानंतर आठवडाभर मध्ये जाळी ठेवून दोन्हीकडचे पक्षी एकमेकांना दिसू द्यावेत, आणि जाळी काढायच्या दिवशी खाद्य-पाण्याची भांडी एकाऐवजी तीन ठिकाणी मांडावीत, म्हणजे हुसकावलेल्या पक्ष्यालाही त्या दिवशी कुठेतरी घास मिळतो.