उरलंय? मग द्या गरिबांना ढकलून!

लग्नसराई जोरात आहे, सगळे हॉल बुक आहेत आणि उरलेलं अन्न नेऊन वाटणाऱ्या आमच्या ग्रुपवर केटरर लोकांचे फोन रात्री पावणेबाराला वाजायला लागलेत. म्हणून म्हटलं हॉटेलवाले, केटरर, मिठाईवाले, कंपनीच्या कँटीनवाले अशा सगळ्यांसाठी उरलेलं अन्न दान करण्याच्या टिपा एकदाच लिहून टाकाव्यात. कार्यक्रम सोपा आहे, पुण्य तुम्हाला आणि जुलाब दुसऱ्याला.

पहिलं म्हणजे वेळ साधा. मुहूर्त साडेबाराचा, जेवणं तीनपर्यंत उरकली, मसालेभाताचा अर्धा टोप तसाच राहिलाय हे आचाऱ्याला तेव्हाच दिसतं. पण लगेच फोन करायचा नाही हां! आधी टेम्पो भरा, मग नवरीच्या मामांशी ताटांच्या हिशोबावरून भांडा, मग संध्याकाळचं रिसेप्शन उरकून घ्या आणि वॉचमन लाइट बंद करायला आला की मग संस्थेला फोन लावा. "पन्नास माणसांचं जेवण आहे, पंधरा मिनिटांत या, नाहीतर फेकावं लागेल." म्हणजे फेकलं तर पाप आमच्या माथी, तुम्ही सुटलात.

भांड्याचं टेन्शन घेऊ नका, मिळेल त्यात भरा. परवा आम्हाला एका कार्यालयाच्या मागच्या दाराशी निळं प्लॅस्टिकचं पिंप मिळालं. तळाला मसालेभात, त्यावर पुऱ्या, कडेने जिलब्या खोचलेल्या, आणि मठ्ठ्याची पिशवी वर ठेवलेली ती फुटून सगळ्यात झिरपलेली. झाकण काढलं तर आंबूस वाफ थेट तोंडावर. बटाट्याची भाजी वेगळ्या डब्यात होती, ती डावाने उचलली तर तार सुटलेली. आणि मॅनेजरसाहेब पिंपाला हात लावून अभिमानाने म्हणतात कसे, "बघा, अजून गरम आहे!"

अहो गरम नाही, कोमट आहे! तेच तर रडगाणं आहे. शिजवलेलं अन्न एकतर ६० अंशांच्या वर कडक गरम ठेवायचं नाहीतर ५ अंशांच्या खाली थंड, मधल्या कोमटपणात जंतूंची चैन असते, आणि पिंपभर भात झाकून ठेवला की तो आतून तासन् तास त्याच कोमटपणात बसतो, गार होतच नाही. भाताचं तर आणखीनच वाईट, बॅसिलस सीरियस नावाच्या जंतूचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत, भात कोमट राहिला की ते उठतात आणि जे विष करतात ते पुन्हा गरम करून जात नाही. त्यामुळे "तुम्ही तिकडे एक वाफ काढून घ्या ना" हा तुमचा सल्ला तुमच्याकडेच ठेवा. उथळ ट्रेमध्ये पसरून लवकर गार करून फ्रीजला टाकलं असतं तर चाललं असतं. कडक गरम असतानाच झाकणाच्या स्टीलच्या डब्यांत भरून तीन वाजता फोन केला असता तर साडेचारला लेबर कॅम्पवर मुलं जेवली असती. हे सगळं मी त्या मॅनेजरला सांगत होतो तर तो मोबाइल बघत म्हणाला, "त्यांना काय होतंय, त्यांना सवय असते."

सवय. बरं.

चला, पुढच्या टिपा.

डब्यावर काय आहे, कधी शिजवलंय, दाण्याचं कूट आहे का, यातलं काहीही लिहू नका, जेवणात थोडा सस्पेन्स हवा.

व्हेज आणि नॉनव्हेज एकाच डावाने वाढा, राष्ट्रीय एकात्मता.

पाहुण्यांच्या ताटातलं उष्टं वेगळं काढायची गरज नाही, रात्रीच्या अंधारात कोणाला दिसतंय.

मिठाईवाल्यांनी तर तारखेची वाट बघावी. २०२० च्या ऑक्टोबरपासून सुट्या मिठाईच्या ट्रेवरसुद्धा बेस्ट बिफोर लावायची आहे, ती किती कामाची बघा! तारखेपर्यंत ट्रे काउंटरवर, तारीख उलटली की तोच ट्रे वृद्धाश्रमात. काजूकतली एक वेळ चालून जाईल हो, पण रसमलाई? सत्तरीच्या आजोबांना? एक दिवस आधी दिली असती तर काय नफा बुडला असता कळत नाही.

फोटो मात्र विसरायचा नाही. अन्न दोन तास गाडीच्या डिकीत राहिलं तरी चालेल, पण बॅनर येईपर्यंत वाटप सुरू करायचं नाही. एका पोळीला किमान चार हात लागलेले दिसले पाहिजेत, घेणारा हसला पाहिजे, आणि साहेबांच्या वाढदिवसाची तारीख बॅनरवर मोठ्या अक्षरात. (अन्नावर तारीख नसली तरी चालते, बॅनरवर लागते.)

आणि मोठ्या कंपन्यांनो, तुमची तऱ्हा उलटी. तुमच्याकडे फ्रीज आहे, थर्मामीटर आहे, दुपारी दोनला न उघडलेले गरम ट्रे उरतात, आणि ते तुम्ही सरळ ओल्या कचऱ्यात घालता कारण "आमच्या लीगलने नाही सांगितलंय." लीगलला सांगा की एफएसएसएआयने, म्हणजे अन्नसुरक्षा बघणाऱ्या सरकारी संस्थेने, उरलेल्या अन्नाच्या वाटपाचे वेगळे नियम २०१९ मध्येच काढलेत. कोण देणार, कोण घेणार, घेणाऱ्याची नोंदणी, नोंदी कशा ठेवायच्या, सगळं त्यात आहे. एका नोंदणी असलेल्या संस्थेशी करार करा, रोजची ठरलेली वेळ द्या, कोणी सही करून नेलं ते लिहून ठेवा, संपलं. पण नाही, ते वाचायला मीटिंग लागेल, मीटिंगला समोसे लागतील आणि समोसे उरतील.

आता उपरोध बास.

तुम्ही दान करत नाही आहात. तुम्ही कचरा टाकताय आणि उचलायला फुकटची माणसं बोलावताय. दिवसाला १०० किलोच्या वर कचरा करणाऱ्याने ओला कचरा शक्यतो स्वतःच्या आवारातच जिरवायचा असं घनकचऱ्याच्या नियमांत लिहिलंय, ते झंझट नको म्हणून रात्री आमचा नंबर आठवतो. ही पोरं दिवसभर नोकरी करून, स्वतःच्या पैशाने पेट्रोल टाकून येतात, आणि तुमचं आंबलेलं पिंप नाकारलं की वर तुम्हीच ऐकवता, "आजकाल फुकट दिलं तरी नको असतं." दवाखान्याबाहेर फुटपाथवर झोपलेल्या पेशंटच्या नातेवाइकाला रात्री जुलाब लागले तर त्याने कुठे जायचं? लेबर कॅम्पवर एकाचं पोट बिघडलं की त्याची दोन दिवसांची हजेरी जाते, ती तुम्ही भरून देणार आहात का? ज्याच्याकडे डॉक्टरला द्यायला पैसे नाहीत त्याच्यावर तुम्ही तुमच्या भाताची टेस्ट घेताय, आणि ती पण जो भात तुमच्या सुपरवायझरने संध्याकाळी स्वतः खाल्ला नाही!

किती उरणार याचा अंदाज तुम्हाला पंगत बसली की येतो, इतकी वर्षं धंदा करताय. संस्थेला सकाळीच मेसेज टाका. बुफेवर मांडायच्या आधी जे टोपातच राहिलंय ते बाजूला काढा. दही, मठ्ठा, ओल्या नारळाची चटणी, कापलेली फळं दिवसभर उघड्यावर होती तर देऊच नका, फेका, आणि ते फेकायचा खर्च स्वतः करा. डबे घासून ठेवा, झाकणावर चिकटपट्टी लावा, तिच्यावर पेनने पदार्थ आणि वेळ लिहा, यात अर्धा मिनिट जातो. आणि फोनवर शिजवल्याची वेळ विचारली की "आत्ताच, आत्ताच" करू नका. खरी वेळ सांगा. नसेल सांगता येत तर फोन करू नका.