ऑटोपे असूनही जूनचं वीजबिल का थकलं: एक स्टार देणाऱ्या ताईंना आमचं उत्तर

नमस्कार ताई,

तुमचा रिव्ह्यू दोनदा वाचला. जानेवारीत नागपुरातल्या आमच्या मानेवाड्याच्या केंद्रात 40 रुपये देऊन तुम्ही विजेच्या बिलाचं ऑटोपे लावून घेतलं. मे महिन्यापर्यंत ठीक चाललं, जूनचं 7,390 रुपयांचं बिल मात्र कटलंच नाही. विलंब आकार लागला, कनेक्शन कापण्याची नोटीस आली, बँकेने 295 रुपये कापले आणि विचारायला आलात तर काउंटरवरच्या मुलाने "बँकेत विचारा" म्हणून परत पाठवलं. शिवाय ऑटोपे लावल्यापासून बिल वाढलं, असंही तुम्ही लिहिलंय.

उत्तराआधी एक विनंती. रिव्ह्यूला जोडलेल्या फोटोत तुमचा बारा अंकी ग्राहक क्रमांक आणि पत्ता स्पष्ट दिसतोय, तो फोटो आजच रिव्ह्यूमधून हटवा. ग्राहक क्रमांक टाकला की बिलाची थकबाकी कुणालाही दिसते. "आज रात्री साडेनऊला लाइट कापणार, या नंबरवर फोन करा" असे मेसेज पाठवणाऱ्यांना तेवढं पुरतं.

आता चुकीचं बोलू. चूक आमची आहे. यूपीआय ऑटोपे लावताना कमाल रकमेचा एक रकाना असतो. बिल त्या रकमेच्या आत असेल तरच पैसे आपोआप जातात. तुमच्या मँडेटवर, म्हणजे पैसे आपोआप कापण्याच्या परवानगीवर, काउंटरवरच्या आमच्या मुलाने 3,000 टाकले, कारण जानेवारीचं बिल 1,100 च्या आसपास होतं. नागपुरात जानेवारीचं बिल बघून मर्यादा ठरवणं म्हणजे नवतप्याला स्वेटरच्या मापाने कपडे शिवणं. 7,390 ची मागणी 3,000 च्या मँडेटवर चालली नाही. खात्यात पैसे होते की नव्हते, याचा इथे प्रश्नच आला नाही.

मर्यादा कशी ठरवायची ते सांगतो. बिलावर मागच्या महिन्यांच्या खपाचा तक्ता असतो. त्यात मे-जूनचा सगळ्यात मोठा आकडा बघायचा, त्या महिन्याच्या बिलाची रक्कम घ्यायची आणि तिच्या दीडपट मर्यादा टाकायची. तुमचं जूनचं बिल मागच्या महिन्यांच्या फरकामुळे फुगलेलं होतं (ते पुढे सांगतो), म्हणून तुमच्या घराला 10,000 पुरेत. वीजबिलासाठी 15,000 रुपयांपर्यंत दर वेळी पिन न टाकता पैसे जातात, त्याहून मोठ्या रकमेला प्रत्येक वेळी मंजुरी द्यावी लागते. मर्यादा मोठी ठेवली म्हणून जास्त पैसे कटतील ही भीती बऱ्याच जणांना असते, तसं होत नाही. कटतं बिलाएवढंच, आणि उरलेली रक्कम खात्यात अडकूनही पडत नाही. पैसे जाण्याच्या किमान 24 तास आधी सूचना येते. रक्कम पटली नाही तर त्या वेळेचा भरणा थांबवता येतो. ही सूचना वाचायची सवय मात्र लावून घ्या. जाहिरातींच्या मेसेजात ती बुडते.

बिल का वाढलं, याचं उत्तर तुमच्याच फोटोत आहे. मार्च आणि एप्रिलच्या खपाचं बिल प्रत्यक्ष रीडिंगवर निघालेलं नाही, दोन्ही वेळा सरासरी 190 युनिट लागले आहेत. तुमचा मीटर गेटच्या आत आहे, आणि गेटला कुलूप असलं की रीडिंग मिळत नाही. मे महिन्याचं रीडिंग मिळालं तेव्हा तीन महिन्यांचा खरा खप 970 युनिट निघाला. 380 आधीच भरलेले, म्हणून 590 युनिट जूनच्या एकाच बिलात आले. तुम्ही कमी भरत होतात, तो फरक एकदम समोर आला. ऑटोपेचा त्यात काही हात नाही.

अशा बिलात एक गोष्ट जरूर तपासा. 590 युनिट एकाच महिन्याचे धरले तर शेवटचे 90 युनिट 500 च्या वरच्या महागड्या टप्प्यात जातात. 970 ला तीनने भागलं की महिन्याला साधारण 323 पडतात, म्हणजे दर महिन्याला पहिले 100, पुढचे 200 आणि उरलेले 23 असे टप्पे लागायला हवेत. त्यातून आधी भरलेली रक्कम वजा व्हायला हवी. तुमच्या बिलात तसं केलेलं दिसतंय, रक्कम जुळते. ज्यांच्या बिलात असं नसेल त्यांनी 1912 वर तक्रार नोंदवून तक्रार क्रमांक घ्यावा.

323 हा आकडा फार वाटत असेल तर कुलर मोजा. पंपासकट 200 वॅटचा मोठा कुलर बारा तास चालला की दिवसाला 2.4 युनिट, महिन्याला 72. दोन कुलर म्हणजे 144, फ्रिज-पंखे वेगळेच. पुढे गेटला कुलूप राहणार असेल तर महावितरणच्या अॅपवरून रीडिंग स्वतः पाठवा. त्यासाठी मेसेज येतो आणि मुदत थोडेच दिवस असते. मीटरच्या डिस्प्लेवर आकडे बदलत राहतात. ज्याच्या बाजूला केडब्ल्यूएच (kWh, म्हणजे युनिट) दिसतं त्याच आकड्याचा फोटो घ्या. बाकीचे आकडे तारीख, वेळ, व्होल्टेज असे असतात आणि घाईत नेमका त्यांचाच फोटो निघतो.

नोटिशीने घाबरला असाल, ते साहजिक आहे. पण 2003 च्या वीज कायद्याच्या कलम 56 प्रमाणे पूर्ण 15 दिवसांची लेखी नोटीस दिल्याशिवाय थकबाकीसाठी वीज तोडता येत नाही. तेवढ्या दिवसांत भरा. रोख घेऊन भरणा केंद्रावर जाऊ नका, घरगुती ग्राहकांकडून तिथे 5,000 पर्यंतच रोख घेतात. आणि बिल हाताने भरल्यावर त्याच बिलाची ऑटोपेची सूचना आली तर तो भरणा थांबवा. नाहीतर पैसे दोनदा जातात आणि पुढच्या बिलात वजा होईपर्यंत वाट बघावी लागते.

295 रुपयांबद्दल आमचा अंदाज वेगळा आहे. 250 वर 18 टक्के जीएसटी लावला की नेमके 295 होतात. हा आकडा सहसा हप्ता परत गेल्याच्या शुल्काचा असतो. पासबुकात त्या ओळीत एनएसीएच (NACH, बँक खात्यातून हप्ते आपोआप कापण्याची व्यवस्था) किंवा रिटर्न असं काही लिहिलंय का बघा. असेल तर तो बहुधा फ्रिज, मोबाइल किंवा कर्जाच्या हप्त्याचा मँडेट आहे, खात्यात रक्कम कमी पडल्यामुळे परत गेलेला. मर्यादेपेक्षा मोठं बिल अडलं म्हणून असं शुल्क लागत नाही. तरी पासबुक घेऊन या, ओळ आपण सोबत वाचू. वीजबिलाचाच निघाला तर तेही आम्ही देऊ.

काउंटरवरच्या मुलाचं "बँकेत विचारा" हे उत्तर चुकीचं होतं. फोनमध्ये ऑटोपेच्या यादीत मँडेट उघडून इतिहास बघितला असता तर अपयशाचं कारण तिथेच दिसलं असतं, दोन मिनिटांचं काम. त्याबद्दल माफी मागतो. आता काउंटरवर नियम केला आहे, इतिहास उघडल्याशिवाय कुणालाही बँकेत पाठवायचं नाही. जानेवारी-फेब्रुवारीत ज्यांचे मँडेट आम्ही लावले त्या सगळ्यांना फोन करून मर्यादा तपासायला बोलावतो आहोत.

तुमच्या मँडेटमध्ये आणखी एक दुरुस्ती हवी. वारंवारता "मासिक" आणि तारीख 25 अशी पडली आहे. बिलाची तारीख दर महिन्याला थोडी मागेपुढे होते, म्हणून "बिल आल्यावर" हा पर्याय बरा. बिल निघाल्यापासून सात दिवसांत भरलं तर एक टक्का सूट मिळते, ती तुम्ही चार महिने गमावली. त्या आधीच्या तारखेला किती भरायचं ते बिलावर वेगळं छापलेलं असतं.

सुरक्षा ठेवीचं बिलही लक्षात ठेवा. ते एप्रिल-मेच्या सुमारास वेगळं येतं आणि महिन्याच्या ऑटोपेतून जाईल असं धरून चालू नका. रक्कम जड वाटली तर हप्ते मागता येतात. भाड्याचं घर सोडणाऱ्यांनी तर मँडेट आधी रद्द करावा. ग्राहक क्रमांक घराचा असतो, तुमच्यानंतर येणाऱ्याचं बिल तुमच्या खात्यातून जात राहील.

पैशांचं: मुदतीत 7,390 आणि मुदतीनंतर 7,480, म्हणजे फरक 90 रुपये. ते 90 आणि आमचे 40, असे 130 रुपये तुमच्यासाठी काउंटरवर ठेवले आहेत. रिव्ह्यू बदला किंवा ठेवा, पैसे तुमचेच आहेत. रविवार सोडून कधीही या. मँडेट दुरुस्त करायला तुमचाच फोन आणि त्याच नंबरचं सिम लागेल. दुरुस्तीच्या शेवटी यूपीआय पिन मागतात. तो तुम्हीच टाका, आमच्या मुलालाही सांगू नका.