हेलिकॉप्टर कुणाचं?

सकाळी चहाचा कप हातात होता आणि घरच्या ग्रुपवर फोटो आला. मालदीवच्या राजधानीत, मालेमधल्या संरक्षण मंत्रालयाच्या इमारतीवर आपल्या पंतप्रधानांचं भलंमोठं चित्र. फोटो जुलै २०२५ चा, पण फॉरवर्ड करणाऱ्याला तारखेशी काय देणंघेणं! खाली मजकूर: ‘इंडिया आउट म्हणणारे गुडघ्यावर आले.’ (‘इंडिया आउट’ म्हणजे भारतीय सैनिक देशाबाहेर काढा, ही तिकडची घोषणा.) त्यावर धडाधड अंगठे. एका भावजींनी ‘उपकाराची जाणीव नसलेले भिकारडे’ असं लिहिलं आणि पुढे हसणारा चेहरा टाकला.

मी तीनदा उत्तर टाइप केलं आणि तीनदा पुसलं. ग्रुपवर सासर-माहेर दोन्ही आहे. म्हणून इथे लिहितेय.

जुन्या मित्रमंडळींना माहीत आहे, मी २०१४ ते २०१६ अशी दोन वर्षं मालदीवमध्ये गणित शिकवत होते. माले नव्हे, रिसॉर्ट तर नव्हेच. था अटॉल नावाच्या बेटांच्या कड्यातलं एक बेट, या टोकाकडून त्या टोकाला चालत वीस मिनिटं. एक शाळा, एक मशीद, एक आरोग्य केंद्र, एक फुटबॉलचं मैदान. कराडहून गेलेल्या बाईला पहिला महिनाभर झोप लागली नाही, चारी बाजूंनी समुद्र वाजत राहायचा. ज्यांच्या घरी राहायचे त्यांना मी ‘बेबे’ म्हणायचे, म्हणजे दादा. त्यांच्या बायकोला ‘दत्ता’. तिकडे दत्ता म्हणजे ताई! आमच्या आळीतल्या दत्ताकाकांना हे सांगितलं तर ते आठवडाभर बोलले नव्हते.

तर २०१५ च्या पावसाळ्यातली गोष्ट. बेबेंच्या लेकीला आठव्या महिन्यातच कळा सुरू झाल्या. रक्त जायला लागलं. आरोग्य केंद्रातला डॉक्टर म्हणाला, इथे काही होणार नाही, मालेला न्या. समुद्र असा खवळलेला की धोणीवाल्यांनी, म्हणजे होडीवाल्यांनी, हात जोडले. रात्रभर फोनाफोनी. पहाटे निरोप आला की लामू अटॉलच्या कद्धूहून हेलिकॉप्टर निघतंय. अख्खं गाव मैदानावर. पोरांनी गोलपोस्ट उपटून बाजूला टाकले, बायकांनी बादल्या आणून वाळूवर पाणी मारलं. आणि उजाडता उजाडता ते आलं. ध्रुव. आपल्या एचएएलने बंगळूरला बनवलेलं, आपल्या माणसांनी चालवलेलं. लेकीला स्ट्रेचरवरून चढवलं आणि मालेच्या इंदिरा गांधी मेमोरियल हॉस्पिटलात नेलं.

खोटं कशाला सांगू, माझा ऊर भरून आला. डोळ्यांत पाणी. मी बेबेंचा हात धरून म्हणाले, “बेबे, हमारा हेलिकॉप्टर है!” सिनेमे बघून बघून हिंदी तिकडे बऱ्याच जणांना येतं. ते आकाशाकडे बघत होते. म्हणाले, “हां मॅडम. आपका ही है. वही तो.”

वही तो. मला वाटलं, आभार मानताहेत. पुढे कितीतरी दिवस मी हा किस्सा फोनवर सगळ्यांना अभिमानाने सांगत होते. याच भावजींनाही सांगितला होता.

आता भावजी, नीट ऐका. (तुम्ही इथे मला फॉलो करता, माहीत आहे.)

तुम्हाला ३ नोव्हेंबर १९८८ तोंडपाठ आहे, दर वर्षी तुम्हीच टाकता. लुथुफी नावाच्या मालदीवी माणसाने श्रीलंकेतल्या तमिळ बंडखोरांना हाताशी धरून मालेवर चाल केली, राष्ट्राध्यक्ष गयूम लपले, त्यांनी मदत मागितली आणि आपले पॅराट्रूपर आग्र्याहून आयएल-७६ मधून थेट हुलहुले बेटाच्या धावपट्टीवर उतरले. पळून जाणारं ‘प्रोग्रेस लाइट’ जहाज आयएनएस गोदावरीने अडवलं. मलाही त्याचा अभिमान आहे, मक्ता फक्त तुमच्याकडे नाही. डिसेंबर २०१४ मध्ये मालेच्या पाणी शुद्ध करणाऱ्या प्रकल्पाला आग लागली तेव्हा मी मालदीवमध्येच नोकरीत होते. राजधानीत प्यायला थेंब नाही, आणि आपली विमानं पाणी घेऊन हजर, मागोमाग आयएनएस सुकन्या. बेटावरच्या मास्तरांनी माझ्या हातात नारळ दिला होता. हे सगळं खरं.

पण ८८ च्या त्या मोहिमेतली, ऑपरेशन कॅक्टसमधली, सगळ्यांत चांगली गोष्ट कोणती, विचारा मला. काम झालं आणि बहुतेक फौज परत आली. ती गोष्ट आपण सांगतच नाही! त्याच वेळी शेजारी श्रीलंकेत आपली शांतिसेना बसली होती, तीही करार करून, बोलावल्यावर गेलेली. सुमारे बाराशे जवान गमावून १९९० मध्ये परतलो, तेव्हा तिथे ना सिंहली आपल्यावर खूश होते ना तमिळ. मदतीला आलेला गणवेश किती दिवस पाहुणा असतो, हे आपल्या फौजेइतकं कुणाला ठाऊक असणार? आणि १९७१ मध्ये अमेरिकेने सातवं आरमार बंगालच्या उपसागरात पाठवलं, एंटरप्राइझसकट, तेव्हा आपल्या वडिलांच्या पिढीला काय वाटलं होतं? तुमचेच वडील अजून ते नाव घेताना दात खातात.

बेबे मूळचे पार दक्षिणेकडच्या अड्डू अटॉलचे. त्यांचे वडील गान बेटावर इंग्रजांच्या हवाई तळावर भांडी घासायचे. पगार बरा होता, इंग्रज बरे होते, डबाबंद दूध घरी यायचं. आणि त्याच तळाच्या सावलीत १९५९ मध्ये दक्षिणेकडच्या तीन अटॉलनी मालेपासून फुटून आपलं वेगळं सुवादीव राष्ट्र जाहीर केलं. १९६३ पर्यंत ते मोडीत निघालं, मालेने कडक हाताने मोडलं. इंग्रज मात्र १९७६ पर्यंत गानवर होतेच. बेबे हे सगळं मासे साफ करता करता सांगायचे, आपण पानशेतचा पूर सांगतो तसं. एवढ्याशा देशात परका तळ आला की घरात भिंत उभी राहते, ही त्यांच्या लेखी घरातली आठवण आहे. त्या माणसाने आपलं हेलिकॉप्टर बघितलं. लेक वाचावी म्हणून अल्लाचा धावा करत बघितलं. आणि तरीही म्हणाला, आपका ही है, वही तो.

हे मला कळायला नऊ वर्षं लागली. २०२४ उजाडावं लागलं.

हो, मान्य, तिकडचे राष्ट्राध्यक्ष मुइझ्झू यांनी या भीतीवर मतं पिकवली. त्यांच्या तीन उपमंत्र्यांनी त्या जानेवारीत आपल्या पंतप्रधानांबद्दल लिहिलं ते गलिच्छच होतं, त्यांना निलंबित केलं ते बरंच झालं. आणि भारताला दम भरता भरता त्यांनी चीनशी लष्करी मदतीचा करार केला, यात मला काही स्वाभिमान दिसला नाही. झालं? मान्य केलं.

पण आपण काय केलं? पाच-सव्वापाच लाख वस्तीच्या देशावर एकशे चाळीस कोटी लोक तुटून पडलो. मालदीवऐवजी इकडे फिरा म्हणत लक्षद्वीपचे फोटो टाकून ‘बघा, आता उपाशी मराल.’ आपली तिथली माणसं होती ऐंशीच्या आसपास: दोन हेलिकॉप्टरं आणि एक छोटं डॉर्नियर विमान चालवणारी, सांभाळणारी. ती १० मे २०२४ पर्यंत गणवेश घेऊन परत आली आणि त्यांच्या जागी भारतीयच तंत्रज्ञ गेले, साध्या कपड्यांत. म्हणजे दिल्लीने शांतपणे तोडगा काढला. बोंबलत होतो ते आपण, सोफ्यावर बसून.

आणि ते ‘उपकार’! आखाताकडून मलाक्काच्या सामुद्रधुनीकडे जाणारी जहाजं त्या बेटांच्या शेजारून जातात. चीनचं संशोधन जहाज मालेला लागलं की आपल्या नौदलाची झोप उडते. तिथे आपण किनारी रडार बसवले, गस्तीनौका दिल्या, ते काय दयेपोटी? आपलं हित आहे, असायलाच हवं, मी काही भाबडी नाही. मग सरळ तसं म्हणा की! स्वतःच्या दाराचं कुलूप शेजाऱ्याच्या कडीला लावायचं आणि वर त्याला रोज विचारायचं, ‘थँक्यू म्हणालास का?’

मोठ्याने बोलतेय का मी? असू दे.

गंमत म्हणजे सरकारला हे कळतं. ऑक्टोबर २०२४ मध्ये मुइझ्झू दिल्लीला आले, तिजोरी कोरडी होती, आपण ४० कोटी डॉलर आणि तीन हजार कोटी रुपयांच्या चलन अदलाबदलीची सोय करून दिली. २०२५ मध्ये त्यांच्या स्वातंत्र्याच्या साठाव्या वाढदिवसाला पंतप्रधान पाहुणे म्हणून गेले, ४,८५० कोटींचं कर्ज जाहीर केलं, त्यांच्या सैन्याला ७२ वाहनं दिली. या सगळ्यात ‘गुडघे’ हा शब्द कुणी काढला? कुणीही नाही. तो फक्त आपल्या ग्रुपवर आहे.

बेबेंच्या लेकीला मुलगी झाली होती. अंगठ्याएवढी, पण वाचली. सव्वा महिन्याने दोघी धोणीतून घरी आल्या, तेव्हा दत्ताने मास हुनी (मासे नि खोबरं) आणि रोशी (तिकडची पोळी) केली, आणि पहिली ताटली माझ्यापुढे ठेवली. हेलिकॉप्टरचं नाव कुणी काढलं नाही. मीच वाट बघत होते, कुणीतरी काढेल म्हणून. आज ते आठवून कानशिलं तापतात.

हे लिहीत असतानाच भाच्याचा मेसेज आला. त्याचं लग्न ठरलंय, ग्रुपवरचा गोंधळ बघून त्याने मला वेगळं विचारलंय: “मावशी, हनिमूनला मालदीव नको का मग? रिसॉर्ट परवडत नाही, पण बेटावर गेस्टहाऊस बघत होतो.”

मी त्याला बेबेंचा नंबर पाठवलाय. सोबत लिहिलं, त्यांच्याकडे जेवायला बस, नातीला चॉकलेट घेऊन जा, आणि तिला हेलिकॉप्टरबद्दल तू होऊन काही विचारू नकोस.