चष्म्याने नंबर वाढतो? त्या मेसेजबद्दल खुलासा

पालकांच्या ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय: मुलांना लहानपणी चष्मा लावू नका, डोळ्यांना सवय लागून नंबर वाढतो, बारा वर्षांपर्यंत थांबा. हे चुकीचं आहे.

लांबचं न दिसणाऱ्या मुलांचा नंबर वाढतो तो डोळ्याचा गोळा वाढत्या वयात लांब होतो म्हणून. क्वालालंपूरमध्ये काही मुलांना मुद्दाम कमी नंबरचा चष्मा देऊन पाहिला गेला. २००२ मध्ये निष्कर्ष छापून आले. त्यांचा नंबर उलट जास्त वाढला.

थांबण्यातला खरा धोका वेगळाच. एकाच डोळ्याला मोठा नंबर असेल तर मेंदू त्या डोळ्याकडे दुर्लक्ष करायला शिकतो. मूल तक्रार करत नाही, दुसऱ्या डोळ्यावर त्याचं मजेत चाललेलं असतं. चांगला डोळा झाकला की मात्र ते हात झटकतं. हा ‘आळशी डोळा’ सात-आठ वर्षांच्या आत सर्वांत चांगला सुधारतो; बाराव्या वर्षी बरंच हातचं गेलेलं असतं.

तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका. पाठवला असेल तर त्याखाली हे टाका. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक (योजना २०१३ मध्ये आपल्या पालघरमधूनच सुरू झाली) अंगणवाडीत वर्षातून दोनदा, सरकारी शाळेत एकदा मोफत तपासणीला येतं. त्या दिवशी मुलाची दांडी होऊ देऊ नका.