एफबीआयची मान्यता नेमकी कोणत्या मालिकेला?
जुन्या अमेरिकी रेडिओवरील ‘गँग बस्टर्स’चा उल्लेख असलेला लेख माहितीपूर्ण आहे. मात्र ही एफबीआयच्या (अमेरिकेच्या केंद्रीय तपास संस्थेच्या) मान्यतेने चाललेली नभोनाट्यमालिका होती, या त्यातील विधानात दुरुस्ती हवी. फिलिप्स लॉर्ड यांनी १९३५ साली ती ‘जी-मेन’ या नावाने सुरू केली तेव्हा एफबीआयचे सहकार्य होते आणि पहिलाच भाग बँकदरोडेखोर जॉन डिलिंजरच्या पाठलागावर होता. परंतु एफबीआयचे प्रमुख जे. एडगर हूवर यांना बोटांचे ठसे आणि चिकाटीचा तपास श्रोत्यांपुढे यावा असे वाटत होते, तर लॉर्ड यांचा ओढा गोळीबाराकडे होता; त्यामुळे १९३६ मध्ये नवे नाव घेतलेली ही मालिका प्रामुख्याने स्थानिक पोलिसांच्या प्रकरणांकडे वळली. हूवर यांची उघड पसंती लाभली ती १९४५ ते १९५३ या काळात चाललेल्या ‘धिस इज युअर एफबीआय’ला. तरीही ऐकताना (माझे कान जुन्या वळणाचे असतील) मला ‘गँग बस्टर्स’च सरस वाटते. सुरुवातीला सायरन आणि मशिनगनचा तडतडाट, आणि नाट्य संपल्यावर खऱ्याखुऱ्या फरारी आरोपीची उंची, वजन, चेहऱ्यावरचा व्रण असे वर्णन अगदी सपाट सुरात वाचणारा तो आवाज. खरा काटा अंगावर येतो तो तिथेच.