माकडांचा इंग्रजीशी काय संबंध?

आज पालकसभा होती. खिचडी, गणवेश, मोडलेलं दार, सगळं नेहमीचं चाललं होतं. तेवढ्यात एक पालक उठले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "सर, इंग्रजीच्या तासाला माकडं कामून दाखवता? त्या इंग्लिश स्पीकिंगच्या क्लासातली लेकरं बघा, फाडफाड बोलायलीत." मागून दोघांनी माना डोलावल्या. मी तिथं हसून वेळ मारून नेली, पण घरी आल्यापासून डोकं फिरलंय.

तर ती 'माकडं' म्हणजे डेव्हिड ॲटनबरोचे व्हिडिओ. टीव्हीवर प्राणी-पक्ष्यांच्या मालिका करणारा हा इंग्रज माणूस. 'गांधी' सिनेमा काढणारे रिचर्ड ॲटनबरो, त्यांचे हे धाकटे भाऊ. जन्म १९२६ चा, बीबीसीत लागले १९५२ ला, आणि ८ मे २०२५ ला, ९९व्या वाढदिवशी, समुद्रावरचा त्यांचा नवा सिनेमा थेटरात लागला. मधे १९६५ ला अख्खं बीबीसी टू चॅनेल त्यांच्या हातात दिलं होतं, पुढं त्याच्याही वरची खुर्ची मिळाली. ती सोडून गडी परत जनावरांमागं गेला. आपल्याकडं केंद्रप्रमुखाची खुर्ची कोणी सोडत नाही.

आता माझ्या वर्गातलं ऐका. आठवीत एक पोरगा आहे. आईबाप ऊसतोडीला, त्यामुळं दिवाळीनंतर गायब होतो तो उन्हाळा लागल्यावर उगवतो. इंग्रजीच्या तासाला मान कायम खाली. एकदा 'द लाइफ ऑफ बर्ड्स' या १९९८ च्या मालिकेतला लायरबर्ड लावला होता. ऑस्ट्रेलियातला पक्षी, कानावर पडेल त्याची नक्कल करतो. दुसऱ्या पक्ष्यांची, कॅमेऱ्याच्या खटक्याची, गाडीच्या अलार्मची आणि शेवटी झाडं कापायच्या मशीनची. पोरगं ताडकन उभं राहिलं. "सर, बर्ड कॉपी मशीन! मी टू!" आणि त्यानं फडावरचा ट्रॅक्टर काढून दाखवला. पहाटेचं गार इंजिन आधी खोकतं, धरतंय असं वाटेस्तोवर बंद पडतं, मग धूर सोडत एकदाचं लागतं, अगदी तसा. वर्ग हसून लोळला.

व्याकरण काढणाऱ्यांनी खुशाल काढावं. ते वाक्य त्याला कोणी पाठ करून दिलं नव्हतं.

आणि क्लासातलं फाडफाड मी ऐकलंय. 'माय हॉबी इज रीडिंग बुक्स.' घरात पंचांग सोडून पुस्तक नाही! पन्नास लेकरांची एकच हॉबी, पन्नास लेकरांचे फादर हार्डवर्किंग. मधेच अडवून काही विचारा, पोरगं पुन्हा 'माय नेम इज'पासून सुरू करतं. याचे पैसे घेतात हो हे लोक. हां, नक्कल तर तो पक्षीही करतो, मान्य. पण आमच्या पोरानं नक्कल ट्रॅक्टरची केली, बोलणं त्याचं स्वतःचं होतं.

ॲटनबरो कसा बोलतो ते एकदा कान देऊन ऐका. वाक्यं लहान, घाई नाही. चित्रात दिसतंय ते तोंडानं सांगत नाही, त्याच्या पुढचं सांगतो. 'लाइफ ऑन अर्थ'मध्ये, १९७९ ला, रवांडात गोरिलांजवळ बसून त्याला अंगठ्याच्या पकडीवर बोलायचं होतं. गोरिला अंगाशी आले, पिल्लं बुटांशी खेळायला लागली आणि ठरलेलं भाषण राहिलं बाजूला. तिथं तो कुजबुजत जे बोलला ते लोक आजही बघतात. सांगण्यासारखं काही पुढ्यात असलं की माणूस बोलतो, इंग्रजीत काय आणि मराठीत काय.

त्याचे उच्चार साहेबी आहेत, लेकरांच्या डोक्यावरून जातात, हे खरं. १९५४ च्या पहिल्या मालिकेत लंडनच्या प्राणिसंग्रहालयासाठी जनावरं पकडून आणायचे, तेही आज बघवत नाही. नोकरीच्या मुलाखतीत स्वतःची ओळख द्यावी लागते, तीही शिकवू. झालं?

लिहिता लिहिता त्या पालकांवरचा राग मात्र उतरला. कापसाच्या पैशातून फी भरणारा बाप फाडफाडच मागणार. साहेबासमोर आपली बोबडी वळली तशी लेकराची वळू नये एवढंच त्याला पाहिजे. राग त्याच्या या भीतीवर बोर्ड लावून बसलेल्यांचा आहे.

आपल्या पाटोद्याकडं नायगावला मोरांचं अभयारण्य आहे. मोर कधी ओरडतो, पावसाआधी कसा वागतो, हे या लेकरांना तोंडपाठ आहे. पण त्यांच्या 'सेल्फ इंट्रोडक्शन'मध्ये मोर कुठंच नाही!

म्हणून ठरवलंय. पुढच्या आठवड्यात मोराचा व्हिडिओ आवाज बंद करून लावणार आणि बोलणार लेकरं, जमेल तशा इंग्रजीत. ट्रॅक्टरवाला तयार आहे, मोराचा आवाजही तोच काढणार. सभेतल्या त्या पालकांना मी स्वतः बोलवायला जाणार आहे. कोणाकडं चालू स्पीकर पडून असेल तर कळवा, वर्गातला लॅपटॉप मागच्या बाकापर्यंत ऐकू येत नाही.