घरी राहावं की होस्टेलला? निर्णय सर्वस्वी तुमचाच

बारावी झाली, सीईटीचे पर्सेंटाइल आले, कॅपच्या, म्हणजे प्रवेशप्रक्रियेच्या, दुसऱ्या राउंडला माटुंग्याचं इंजिनिअरिंग कॉलेज लागलं. अभिनंदन! आता आयुष्यातला पहिला स्वतंत्र निर्णय घ्या: घरून ये-जा करायची की होस्टेलला राहायचं? त्यासाठी एक कोरा कागद घ्या, मधोमध रेघ मारा. डावीकडे घरी राहण्याचे फायदे लिहा, उजवीकडे होस्टेलचे. लिहून झालं की कागद जपून ठेवा. तो कुणी बघणार नाही, पण पाठकोरा आहे, रफ कामाला येईल.

कारण निर्णय कधीच झालाय. तुम्ही बदलापूरला राहत असाल, तर तो आधार कार्डावरच्या पत्त्याने केला. होस्टेलच्या खोल्या मोजक्या, त्या लांबून येणाऱ्यांना आधी. आणि जिथवर लोकल जाते तिथवर लांब म्हणायचं नाही, असा साधा हिशेब आहे. बदलापूर ते सीएसएमटी ६८ किलोमीटर आहे, हे क्लार्कला सांगून बघा. तो स्वतः कर्जतहून येतो.

तेव्हा घरी राहण्याचे फायदे पाहू. रेल्वे विद्यार्थ्यांना पास निम्म्या दरात देते आणि जागा एका पायापुरती, म्हणजे व्यवहार चोख. गाडी बदलापूरहूनच सुटते म्हणून बसायला मिळेल, या भ्रमात राहू नका. अंबरनाथची मंडळी आधीच उलटी येऊन बसलेली असतात. फास्ट गाडी माटुंग्याला थांबत नाही, म्हणून कुर्ल्याला उतरून स्लो धरायची. ड्रॉइंग शीटची नळी उभी धरली तर पंख्याला लागते, आडवी धरली तर ठाण्याला चढणाऱ्या काकांच्या पोटात जाते. आडवीच धरा. काका रोज त्याच डब्याला असतात, चार वर्षांत चांगली ओळख होते. रविवारी मेगाब्लॉक, बहुतेकदा माटुंगा-मुलुंड. एक्स्ट्रा लेक्चर ठेवायला सरांना हाच दिवस मोकळा सापडतो.

शिवाय तुम्ही ‘घरीच असता’. रात्री साडेआठला दारात चपला काढता, म्हणजे दिवसभर मोकळेच. सिलिंडर बदलणं, आजीच्या गोळ्या आणणं, शेजारच्या काकूंचा मोबाइल हँग झाला की तो बघणं, ही इंजिनिअरिंगची प्रॅक्टिकल्सच आहेत.

आता समजा तुम्ही लातूरचे आहात आणि कॉलेज पुण्यात. मग होस्टेलचा अर्ज भरा. मेरिट लिस्टमध्ये नाव आलं तर प्रश्नच नाही. नाही आलं, तर गावाकडच्या कुणाच्या तरी खोलीत पॅरासाइट म्हणून, म्हणजे नाव नसताना चोरून, राहा. तिघांच्या खोलीत पाचवे असलात तरी बिघडत नाही, चौथ्याला सवय झालेली असते. रेक्टरच्या राउंडला बादली घेऊन बाथरूमकडे निघायचं. बादली हातात असलेल्या माणसाला कुणी आयकार्ड विचारत नाही.

तेही नको असेल तर कॉट बेसिस. पेठेत एक कॉट, एक खिळा आणि गिझर सकाळी सहा ते साडेसहा. जेवणाला मेस. मेसमध्ये खाडे कसे धरतात ते पहिल्याच दिवशी नीट समजून घ्या: सलग चार दिवस आधी सांगून गेलात तरच पैसे वजा, तीन दिवसांचा ताप तुमच्या हिशेबात. रविवारी रात्री मेस बंद.

पैशांची काळजी नको, सरकार आहे. ज्यांना सरकारी वसतिगृहात जागा मिळाली नाही, अशा अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी २०१६-१७ मध्ये स्वाधार योजना आली. मुंबई-पुण्याला वर्षाचे ६० हजार, त्यात राहण्याचे २० हजार. म्हणजे महिन्याला साधारण १,६६६ रुपये. एवढ्या भाड्यात पुण्यात कॉट नाही, पण खिळा मिळू शकेल. तोही हप्ता खात्यात जमा होईपर्यंत मालकीणबाई थांबल्या तर.

शाहू महाराजांना मात्र हा निर्णय मुलांवर सोपवायचं सुचलं नाही. त्यांनी १९०१ साली कोल्हापुरात व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग काढलं, मग इतर समाजांच्या बोर्डिंगांनाही हात दिला. शहरात पाठ टेकायला जागा नसेल तर शाळा उघडी असून खेड्यातल्या पोराला काय फायदा, एवढाच त्यांचा मुद्दा. आपण पुढे गेलो आहोत. २०२४-२५ पासून आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतल्या ओबीसी, आर्थिक दुर्बल वगैरे मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे. चांगलंच झालं. राहायचं कुठे, ही ज्याची त्याची वैयक्तिक आवड.

मुलींना होस्टेल मिळालंच तर एक सोय जास्त असते: गेट. लायब्ररी दहापर्यंत उघडी, गेट साडेआठला बंद, त्यामुळे अभ्यासाचा फार ताण पडत नाही. पाच मिनिटं उशीर झाला की रेक्टर मॅडम थेट वडिलांना फोन लावतात. मुलांच्या होस्टेललाही गेट आहे म्हणतात. ते बंद झालेलं अजून कुणी पाहिलेलं नाही.

दोन्ही बाजूंचा नीट विचार झाला असेल, तर आता मुकाट्याने आत्याकडे जा. या पर्यायाला कागदावर रकाना नव्हता, पण लिस्ट लागेपर्यंत सगळे तिथेच राहतात. ‘दोन-चार दिवसच’ असं सांगा. गादी हॉलमध्ये, सकाळी सहाच्या आत गुंडाळलेली. पोळ्या किती हव्यात असं विचारलं की दोन म्हणा, भूक चारची असली तरी. आत्या काही बोलणार नाही. काका मात्र रोज संध्याकाळी पेपर खाली करून विचारतील, “काय रे, लागली का लिस्ट?”